बडोद्यात जुन्या गाड्यांचं छोटं दुकान: पाणी, कागद आणि पडून राहिलेला माल

दहा-बारा गाड्यांचं दुकान चालवणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ गाडी घेताना द्यावा. घेताना अर्धा तास वाचवला, की पुढे तीच गाडी तीन महिने जागा अडवून बसते आणि शेवटी खरेदीच्या भावालाही जात नाही. बडोद्यात या अर्ध्या तासात दोन गोष्टी आधी पाहाव्यात: गाडीत पाणी शिरलं होतं का, आणि कागद कशात अडकलेले तर नाहीत ना. इंजिन, क्लच, टायर यांची दुरुस्ती पैशात मोजता येते. पाणी आणि कागद यांचा खर्च आधी मोजता येत नाही.

पुराची गाडी ओळखणं

३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरचा विश्वामित्रीचा पूर बडोदेकर विसरलेले नाहीत. नदीची धोक्याची पातळी २६ फूट धरतात. २०२४ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि समा, फतेगंज, सयाजीगंज, अकोटा, मुजमहुडा भागांत उभ्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन, सुकवून पुन्हा बाजारात आल्या. आरसीवरच्या (नोंदणीपत्रावरच्या) पत्त्यावर विसंबू नका. नदीपासून दूर वाघोडिया रोडला राहणाऱ्याची गाडी त्या रात्री सयाजीगंजच्या तळघरात उभी असू शकते.

तपासणी या क्रमाने करा. साधनं साधी लागतात: टॉर्च, प्लास्टिकची पट्टी, जुनं वर्तमानपत्र आणि गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारा स्कॅनर.

पुढचे दोन्ही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटचा हातभर पट्टा एरवी गुंडाळलेलाच राहतो, त्यामुळे धुणाऱ्याचा हात तिथपर्यंत जात नाही. तिथे मातकट आडवी रेघ किंवा बारीक गाळ दिसला तर पाणी बसण्याच्या जागेच्या वर गेलं होतं असं समजा. पट्टा कोरा करकरीत असेल तर बुंध्याच्या लेबलवरची तारीख वाचा. २०१७ च्या गाडीत २०२४ चा बेल्ट का, हे मालकाला विचारा. अपघातानंतरही बेल्ट बदलतात, म्हणजे दोन्हींपैकी काहीतरी घडलेलं आहेच.

मग दाराच्या उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचका. ती नुसत्या क्लिपांवर असते. गालिचा वर करून खालच्या नमद्यावर वर्तमानपत्र एक मिनिट दाबून धरा. वरचा गालिचा दोन दिवसांत सुकतो, नमदा महिनाभर ओल धरतो. इथे एक घोळ होतो. फक्त पुढच्या डाव्या बाजूला ओल असेल, तर बहुतेक एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते आणि ते दहा मिनिटांचं काम आहे. चारही कोपऱ्यांत ओल किंवा वास असेल तर गाडी सोडा.

सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डच्या आतले लोखंडी आधार आणि स्टेपनीचा खड्डा टॉर्चने पाहा. गाडीच्या खालच्या बाजूला थोडा गंज चालतो, पण आतल्या बोल्टांवर गंज यायला कारण लागतं. ड्रायव्हरच्या उजव्या पायाजवळचं आवरण काढून वायरिंगचा एखादा जोड उघडा. पितळी पिनांवर हिरवट थर असेल तर ती गाडी पुढच्या वर्षभर वेगवेगळ्या तक्रारी घेऊन दारात येणार: आज काच खाली येत नाही, उद्या सेंट्रल लॉक, परवा गाडी सुरूच होत नाही. तांबं आतून खाल्लं जातं म्हणून हे एकदम कळत नाही, आणि नेमकं विकल्यावर कळतं.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो बंद केलेला आहे. एअरबॅगचं युनिट बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, जमिनीलगत असतं आणि घोटाभर पाण्यातही ते बिघडतं. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर फक्त इंजिन वाचतो. एअरबॅग आणि एबीएस वाचणारा स्कॅनर नसेल तर मकरपुऱ्यातल्या एखाद्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. स्कॅनरवर एकही बिघाड दिसत नाही आणि रेडिनेसच्या चाचण्या (गाडीचा संगणक स्वतःच करतो त्या तपासण्या) मात्र अपूर्ण दिसतात, तेव्हा कुणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. तीस-चाळीस किलोमीटर फिरवून पुन्हा लावा.

एक खूण कागदातच असते. विम्याची पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यावरची सूट, पाहा. क्लेम न घेतलेल्या गाडीला तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वाढत जातो. सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ मध्ये नव्याने काढलेल्या पॉलिसीत सात वर्षांच्या गाडीला बोनस शून्य दिसला, तर आधीच्या वर्षी क्लेम घेतलेला असण्याची शक्यता मोठी. किरकोळ ठोकर असू शकते, मालकानेच गाडी नुकती घेतलेली असू शकते, पॉलिसी मध्ये खंडित झालेली असू शकते. पण विचारायचा प्रश्न मिळाला. चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडची नोंद मागवा. मीटर मागे फिरवलं आहे का, हेही त्याच कागदावर दिसतं.

पत्र्यासाठी रंगाची जाडी मोजणारं मीटर घ्या. मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. २०० च्या वर गेला की रंगाचा दुसरा हात दिलेला, ४००-५०० च्या वर गेला की खाली लांबी (खळगा भरायचा लेप) भरलेली. दार किंवा फेंडर रंगवलेलं असणं गुन्हा नाही, बडोद्याच्या जुन्या गल्ल्यांत ओरखडे लागतातच. छत, खांब आणि पुढच्या चाकांवरचा आतला पत्रा मूळ असला पाहिजे. बंपर प्लास्टिकचा, त्यावर मीटर चालत नाही.

सीएनजी गाड्या इथे पुष्कळ. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तिची प्लेट पाहा. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर आणि विम्यावरही त्याची नोंद हवी. शिवाय गाडी दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. वर्षानुवर्षं टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून गॅसवर चालवणारे मालक असतात. पंप कोरडा चालून जळतो, इंजेक्टर चिकटतात, आणि गॅसवरच्या ट्रायलमध्ये यातलं काहीच कळत नाही.

कागद

पैसे देण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाका: मालकाचं नाव, नोंदणी कधीपर्यंत, बोजा (कर्जाची नोंद) आहे का, काळ्या यादीत आहे का, इ-चलान किती. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेऊन आरसीशी एकेक अक्षर ताडा. आठ आणि बी यांची गल्लत आरसी छापतानाही होते आणि ट्रान्सफर तिथेच अडकतो.

कर्ज बाकी असेल तर मालकाच्या हातात पैसे देऊ नका. बँकेकडून कर्ज फेडीचं पत्र घ्या, त्यात रक्कम आणि ती कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते असतं. ती रक्कम थेट कर्जखात्यात भरा, उरलेली मालकाला द्या, आणि थोडी रक्कम बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) व बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती हातात येईपर्यंत राखून ठेवा. हे विसार देतानाच लिहून घ्या. बँकेची एनओसी बहुधा तीन महिने चालते. ती कपाटात ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहिली तर मुदत संपते आणि जुन्या मालकाच्या विनवण्या कराव्या लागतात. आली की लगेच बोजा उतरवा.

सगळ्यात धोक्याची सवय म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची कोरी सही घेऊन गाडी हातोहात फिरवणं. मोटार वाहन कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की गाडी चार हात फिरली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. म्हणजे पहिल्या मालकाने विश्वासाने सही दिली आणि तिसऱ्या गिऱ्हाइकाने कुणाला उडवलं, तर नोटीस पहिल्याच्या घरी जाते. आपल्या दुकानामुळे कुणावर अशी वेळ येऊ देऊ नये.

१ एप्रिल २०२३ पासून यावर नीट वाट आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. गाडी ताब्यात घेताना मालक आणि डीलर मिळून पोर्टलवर फॉर्म २९सी भरतात, आणि पोच मिळाल्यापासून गाडीची जबाबदारी डीलरकडे येते. मग नोंदणीचं नूतनीकरण, आरटीओची एनओसी, डुप्लिकेट आरसी, ट्रान्सफर यांचे अर्ज डीलर स्वतः करू शकतो. बदल्यात दोन बंधनं आहेत. गाडी फक्त ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशा कामांसाठीच रस्त्यावर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. दुकानातल्या मुलाला डबा आणायला स्टॉकमधली गाडी देणं बंद करा.

बाहेरगावच्या गाड्या, विशेषतः मुंबई-पुण्याच्या एमएच आणि दिल्लीच्या डिझेल, दिसायला स्वस्त असतात. तिथल्या आरटीओची एनओसी, गुजरातचा रस्ताकर, दरजीपुऱ्याच्या आरटीओतली नवी नोंदणी आणि त्यात जाणारे आठवडे मिळवा, मग भाव करा. पहिल्या वर्षी अशी एकही घेऊ नये.

भाव आणि हिशेब

जुन्या गाडीवर जीएसटी फरकावर लागतो आणि जानेवारी २०२५ पासून दर १८ टक्के आहे. फरक म्हणजे विक्री वजा खरेदी. दुरुस्तीचा खर्च त्यात धरत नाहीत. इथेच नवखे फसतात. गाडी ३,००,००० ला घेतली, २२,००० चं काम केलं, ३,५०,००० ला दिली. कर २८,००० वर नाही, ५०,००० वर. विक्रीची किंमत करासकट धरली तर ७,६२७ रुपये. हातात राहिले २०,३७३. गाडी दोन महिने उभी राहिली आणि पैसा महिना दीड टक्क्याचा असेल तर व्याजाचे ९,००० गेले, उरले ११,३७३. जागेचं भाडं, दलाली, ट्रान्सफरचा खर्च यातूनच. ४५ दिवस झाले की भाव उतरवावा, ९० व्या दिवसापर्यंत हट्ट धरू नये.

रोख रकमेचं भान ठेवा. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा मालकाने दाखवलेलं जुनं बिल बाजूला ठेवून नव्या गाडीच्या आजच्या ऑन-रोड किमतीवरून मागे येत जुनीचा भाव काढा.

गिऱ्हाइकीचा हंगाम सांभाळा. गुजराती गिऱ्हाईक कमुर्त्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, गाडी घरी नेत नाही. पितृपक्षात मराठी आणि गुजराती दोघेही थांबतात. दसऱ्याच्या तोंडावर लॉट भरलेला आणि कागद तयार हवेत. कमुर्त्याच्या आधी स्टॉक हलका हवा. दसरा-दिवाळीनंतर एक्सचेंजच्या गाड्या येतात, खरेदीला ते दिवस चांगले.

उभी गाडी आणि डिलिव्हरी

उभ्या गाडीची बॅटरी दर आठवड्याला मीटरने मोजा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली की चार्जर लावा. रोज दोन मिनिटं इंजिन सुरू करून बंद करण्याचा उपयोग नाही. स्टार्टर जितकं खातो तितकं परत भरत नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं इंजिन चालू ठेवा, एसी लावून. बाकी दिवस निगेटिव्ह टर्मिनल सुटं ठेवा. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा. एअर फिल्टरचा डबा उघडून उंदराचं घर पाहा.

गिऱ्हाइकाला जे ठाऊक आहे ते आधीच सांगा: "काका, डावं पुढचं दार रंगवलेलं आहे, क्लच दहा-पंधरा हजार किलोमीटर चालेल, टायर दोन बदलावे लागतील." हेच विक्रीच्या कागदावर लिहून सही घ्या. हमी द्यायची तर मोजकी आणि लेखी द्या, उदाहरणार्थ इंजिन आणि गिअरबॉक्स ३० दिवस किंवा १,००० किलोमीटर. क्लच, बॅटरी, टायर त्यात नाहीत.

डिलिव्हरीच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही टाका, कारण त्याच दिवशीच्या चलानावरून वाद होतो. मीटरचा फोटो काढा. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद झाला का ते पाहा, नाहीतर गिऱ्हाइकाला नवा मिळणार नाही. विमा १४ दिवसांत नव्या नावावर करायचा असतो. जुन्या मालकाचा बोनस गाडीबरोबर येत नाही, त्याच्या फरकाची रक्कम गिऱ्हाइकाला भरावी लागते. ती आकड्यासकट आधी सांगा. ट्रान्सफरचा अर्ज आपणच भरा आणि नव्या नावाची आरसी पोर्टलवर दिसेपर्यंत ती फाईल टेबलावरून हलवू नका. दिसली की त्याचा फोटो जुन्या मालकालाही पाठवा.