गिनी गवत ओळखताय? या चुका टाळा

पाऊस ओसरायला लागला की ठाणे-नवी मुंबईत रस्त्याकडेला, सोसायटीच्या कुंपणामागे पुरुषभर उंचीचं गिनी गवत तुऱ्यावर येतं आणि बघणारा बिनधास्त सांगतो, "हत्ती गवत!" मीही बरीच वर्षं तेच सांगत होतो. उंचीवरून नाव ठरवलं की असं होतं. हत्ती गवताचं, म्हणजे नेपिअरचं, ताट उसासारखं जाड आणि तुरा बाजरीच्या कणसासारखा भरगच्च, केसाळ. गिनीचा तुरा मोकळा, वीतभर किंवा त्याहून लांब. त्याच्या सगळ्यात खालच्या फांद्या एकाच जागेवरून चहूबाजूंना फुटतात. आधी तेवढं बघा.

पॅरा गवताशीही घोटाळा होतो. दोन्ही परदेशी, चाऱ्यासाठी पसरवलेली, वर्षानुवर्षं टिकणारी. इथे तुरा सोडा, बुंधा बघा. गिनी ठोंब करून उभं राहतं. पॅरा आडवं सरपटतं आणि पेरापेराला मुळं सोडतं. पॅराला पाय पाण्यात चालतात, म्हणून ते नाल्याच्या कडेला. गिनीला साचलेलं पाणी सोसत नाही, झाडाखालची सावली मात्र चालते. खाडीच्या चिखलात उंच काही दिसलं तर ते पाणकणीस किंवा नळ असेल. तिथे गिनी शोधू नका. (ठोंबात हात घालण्याआधी काठीने आपटा. फुरसं असू शकतं, आणि पात्याची धार बोट कापते ती वेगळीच.)

मोबाईलवर लांबून काढलेल्या फोटोवर विसंबू नका. खरी खूण दाण्यात आहे. जेमतेम तीन मिलिमीटरचा दाणा नखाने सोला. वरची पातळ सालं निघाली की आतलं टणक टरफल दिसेल. दहापट भिंगातून त्यावर आडव्या सुरकुत्या दिसतात. खऱ्या पॅनिकम गवतांचं (गिनीला पूर्वी याच गटात धरत) हे टरफल गुळगुळीत, चकचकीत असतं. म्हणूनच गिनीचं जुन्या पुस्तकांतलं शास्त्रीय नाव पॅनिकम मॅक्सिमम २००३ मध्ये मेगाथायर्सस मॅक्सिमस झालं. दोन नावं बघून दोन गवतं समजू नका. सुरकुत्या पॅरालाही असतात, त्यामुळे बुंधा आधी, भिंग नंतर.

येऊरला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असाल तर तुरा तोडू नका, जवळून फोटो घ्या. आणि उन्हाळ्यात तुरा नसलेला वाळका ठोंब दिसला तर नाव द्यायची घाई कशाला? जागा लक्षात ठेवा, श्रावण-भाद्रपदात परत जा.