टायमिंग चेनचा आवाज ओळखताना

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा कोर्स करून नुकत्याच कामाला लागलेल्या मुलांना मी आधी एवढंच सांगतो: दोन लाख किलोमीटरच्या पुढे चाललेली डिझेल गाडी 'खडखडते' म्हणून आली, तर संध्याकाळी निदान करू नका. मालकाला समजावून गाडी रात्रभर ठेवून घ्या. चालवत आणलेल्या गाडीचं ऑईल गरम असतं, टेन्शनर, म्हणजे टायमिंग चेन ताणून धरणारा भाग, ऑईलने भरलेला असतो, आवाज लपलेला असतो. सकाळी बॉनेट उघडून पुलीच्या बाजूला आधीच उभं राहा आणि सेल्फ दुसऱ्याला मारायला सांगा. तो पहिला आवाज दिवसात एकदाच मिळतो.

मी बोलतोय ते 1.3 मल्टिजेट, म्हणजे 1248 सीसीच्या इंजिनाबद्दल. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो यांच्या डिझेल मॉडेलांत ते यायचं. आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं. 2020 मध्ये बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले तेव्हा मारुतीने ते बंद केलं, पण टॅक्सीवाल्यांकडे ते अजून पळतंय, त्यामुळे तुमच्याकडे येणारच.

टायमिंग चेन म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारी, वॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी इंजिनातली साखळी. ती 'लांबते' म्हणजे लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात. शंभर कड्यांत प्रत्येकी 0.02 मिमी झीज धरली, तरी एकूण 2 मिमी ढील होते. डिझेलची काजळी ऑईलमध्ये उतरते आणि पिनांना घासत राहते, म्हणून ऑईल उशिरा बदललेल्या गाडीची चेन लवकर जाते. टेन्शनर ऑईलच्या प्रेशरवर पुढे सरकून ही ढील घेतो. त्याची चाल संपली की चेन गाईडवर, म्हणजे तिला रांगेत धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर, आपटायला लागते.

आता कान. सेल्फ लागल्यावर दोन-तीन सेकंद खर्रर्र वाजून आवाज थांबला, तर टेन्शनरमधलं ऑईल रात्रीत उतरतंय. तिथे आधी ऑईलचा ग्रेड, शेवटचं ऑईल कधी बदललं ते आणि फिल्टर बघा. चेनपर्यंत नंतर जा. इंजिन गरम झाल्यावरही आवाज राहिला, आणि रेस देऊन सोडताना जास्त आला, तर संशय चेन-गाईडवर घ्या. इंजेक्टरचं नॉकिंग उलट वागतं: गाडी चढावर ओढताना वाढतं आणि ठक-ठक तालात येतं. क्लच दाबल्यावर आवाज बदलला, तर आधी रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलकडे बघा.

एका टॅक्सीवाल्या दादांची डिझायर अशीच आली होती. 'मेस्त्री, चेन किटच टाका, सगळे तेच सांगतात,' असं म्हणत त्यांनी पैसेही बाजूला काढून ठेवले होते. सकाळी आम्ही आधी अल्टरनेटरचा बाहेरचा बेल्ट काढला आणि काही सेकंदच इंजिन चालवलं. या इंजिनात वॉटर पंपही त्याच बेल्टवर आहे, म्हणून जास्त वेळ चालवायचं नाही. निम्मा आवाज तिथेच गेला: अल्टरनेटरच्या पुलीचा क्लच खराब होता. पण उरलेली बारीक खरखर कायम होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर आणि मूठ कानाला लावली, तर मधल्या भागात ती स्पष्ट लागली. मग चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचा ऑईलचा डबा, काढला. तळाच्या काळ्या गाळात प्लॅस्टिकचे पातळ तुकडे होते, एकाच्या कडेला चेनची रेघ उमटलेली. तो गाईडचाच तुकडा होता. दादांना बोलावून तो तुकडा हातात दिला, तेव्हा त्यांना दोन्ही बिलं पटली. आवाज एकच ऐकू येतो म्हणून कारणही एकच असेल असं धरू नका, हे मला तुमच्या मनात पक्कं बसवायचंय.

एक धोका आवर्जून. जुन्या इंडिकाच्या डिझेलला एकेका सिलिंडरचा पाईप सैल करून आवाज शोधायची पद्धत होती. पण या इंजिनात कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर प्रेशरने डिझेल जातं. तिथे चालू इंजिनाच्या पाईपला पाना लावायचा नाही. आतलं प्रेशर हजार बारच्याही वर जातं, फवारा कातडी फोडून आत जातो. इंजेक्टर तपासायचाच तर स्कॅनरने तपासा.

स्कॅनरवर पी 0016 कोड आला, तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बिघडल्याचा तो इशारा आहे. पण सेन्सर किंवा वायरिंगमुळेही तो येतो, म्हणून एकट्या कोडवर इंजिन उघडू नका. ऑईल प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावा आणि आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. प्रेशरच कमी असेल तर नवा टेन्शनरही वाजणार. उलट आवाज सतत आहे आणि कोडही आहे, तर गाडी चालवत परत पाठवू नका. चेन दात सोडून उडाली तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, रॉकर तुटतात, आणि किटचं काम हेडच्या कामावर जातं.

बदलायचंच ठरलं तर चेन, गाईड, टेन्शनर आणि गिअर एकत्र बदला. झिजलेल्या गिअरवर नवी चेन चढवली तर ती सायकलच्या चेनसारखीच लवकर खराब होते. क्रँक आणि कॅम जागेवर पक्के धरणाऱ्या टायमिंगच्या लॉक पिना नसतील तर काम घेऊ नका. खुणा मार्करने करून भागत नाही. बसवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडकलं तर जोर न लावता परत उघडा. चेंबरमध्ये गाळ सापडला असेल, तर ऑईलचा स्ट्रेनर (पंपाआधीची जाळी) साफ करूनच चेंबर बंद करा, आणि पुढचं ऑईल लवकर बदलायचं किलोमीटर बिलावर लिहून द्या.