फ्रेंच चित्रांतली कापणी कशी पाहावी

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच निसर्गचित्रांत शेतात राबणारी माणसे दिसली, की ती सगळी ‘कापणी करणारी’ असे म्हणून आपण मोकळे होतो. अशा चित्रापुढे उभे राहिल्यावर नेमके कोणते काम चालले आहे आणि त्यातले धान्य अखेर कोणाच्या घरी जाणार, हे आधी ठरवावे. रंग आणि प्रकाश यांकडे त्यानंतर वळले तरी चालते.

झाँ-फ्रान्स्वा मिये याचे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातले ‘सरवा वेचणाऱ्या’ हे १८५७ चे चित्र घ्यावे. नजर साहजिकच पुढच्या तीन बायकांवर जाते; ती तिथून काढून मागे न्यावी. उन्हात उजळलेल्या गंजी, पेंढ्यांची गाडी, मजुरांची लगबग आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम, अशी खरी कापणी तिकडे चालली आहे. (छापील प्रतीत हा मुकादम हमखास हरवतो, म्हणून पडद्यावर चित्र मोठे करून पाहणे बरे.) या तिघी त्या कामावर नाहीत. पीक उचलल्यावर रानात पडून राहिलेल्या ओंब्या वेचण्याची मुभा गावातल्या गरिबांना असे, तीही दिवसाउजेडीच, आणि तेवढ्याच आधारावर त्या आल्या आहेत. आता त्यांचे हात पाहावेत. डावीकडच्या बाईने पाठीवर घेतलेल्या मुठीत वेचलेल्या ओंब्या आहेत, आणि मागच्या गंजींशी त्या मुठीची तुलना केली की चित्राचा विषय उलगडतो. १८४८ च्या क्रांतीला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे काही समीक्षकांना या वाकलेल्या पाठींतही बंडाची चाहूल लागली.

त्याच संग्रहालयात झ्यूल ब्रेतोंचे १८५९ चे चित्र आहे. तिथेही सरवाच आहे. पण मावळतीच्या उजेडात रानाचा राखणदार हाक मारतो आहे आणि बायका ताठ मानेने, डोक्यावर-खांद्यावर भारे घेऊन परतत आहेत. चित्र देखणे आहे यात शंका नाही, मात्र सरवा वेचून इतके भरघोस भारे जमत असतील, हे पटत नाही. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या दरबाराला ते रुचले, यात नवल नाही.

लेओं लेर्मितच्या १८८२ च्या ‘कापणीवाल्यांची मजुरी’ या चित्रात शेत जवळजवळ नाहीच. वाड्याच्या अंगणात पैसे मोजले जात आहेत आणि लांब दांड्याचे पाते घेऊन एक थकलेला गडी शून्यात पाहत बसला आहे. इथे आधी हत्यार आणि मग चेहरा, या क्रमाने पाहावे, कारण लांब दांड्याचे पाते बहुधा पुरुषांच्या हाती असे आणि त्यावरून कामाची वाटणी लक्षात येते.

क्लोद मोनेने १८९०–९१ मध्ये जिव्हेर्नीजवळ रंगवलेल्या गंजींना मात्र ही पद्धत लावू नये. तिथे कष्टकरी माणूस चित्राबाहेरच ठेवला आहे आणि बदलत्या उजेडाखेरीज मोनेला दुसरे काही सांगायचे नाही.