परदेशात इंग्रजी शिकवताना पैसे कसे साठवावेत: गोव्यातून जाणाऱ्या शिक्षकांसाठी

डिचोली, फोंडा, पेडण्यापासून मडगावपर्यंत इंग्रजीचे कितीतरी शिक्षक आखाती देशांत नोकरी शोधतात. थोडे जण जपान, व्हिएतनाम, थायलंडकडेही वळतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "पगार किती?" आम्ही म्हणतो, आधी हे विचारा की महिनाअखेर हातात किती उरेल, आणि त्यातले घरी किती पोचेल. बचतीचा मोठा भाग करारावर सही करण्याआधीच ठरतो. म्हणून या लेखातही तयारीला आणि कराराला जास्त जागा दिली आहे.

१. देश निवडताना आधी नियम पाहा

भारतीय पासपोर्टवर प्रत्येक दार उघडत नाही. दक्षिण कोरियाचा भाषा शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत-कोरिया आर्थिक करार २०१० पासून लागू झाला. त्याखाली भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट आहे, पण त्यासाठी शिक्षकी पात्रता लागते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोंयकारांनीही लक्षात ठेवावे की पोर्तुगाल या सातांच्या यादीत नाही.

जपानच्या शाळांत शिकवण्याच्या व्हिसासाठी किमान १२ वर्षे इंग्रजी माध्यमात शिक्षण झालेले असावे लागते. इथे गोव्यातले बरेच जण अडकतात. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यम आणि पाचवीपासून इंग्रजी, असे शिक्षण झाले असेल तर बारावीपर्यंत आठच वर्षे भरतात. अशांनी पदवी आणि बी.एड. इंग्रजीतून केल्याचे माध्यमाचे दाखले शाळा, महाविद्यालय आणि विद्यापीठाकडून आधीच काढून ठेवावेत. एजंटला पैसे देऊन झाल्यावर हे कळले तर ते पैसे परत मिळवणे कठीण.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन "तिथे गेल्यावर बघू" असे कुणी सुचवले तर सरळ नकार द्या. पकडले गेल्यास दंड होतो, परत पाठवणी होते आणि पुढच्या अर्जांवर कायमचा डाग लागतो.

२. निघण्यापूर्वीचा खर्च आवरा

पदवीधराच्या पासपोर्टला सहसा एमिग्रेशन क्लिअरन्स (नोकरीसाठी देश सोडण्याची सरकारी मंजुरी) लागत नाही. तरीही एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासाच. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात, आणि तेही पावती देऊन. "व्हिसाचे" म्हणून दीड-दोन लाख मागणारा माणूस तुमची पहिल्या वर्षाची बचत आधीच उचलतो आहे. संयुक्त अरब अमिरातीत (पुढे नुसते अमिराती) तर भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकानेच करायचा, असा कायदा आहे.

कागदपत्रांचा क्रम असा: विद्यापीठाची मूळ पदवी, राज्य पातळीवरचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय. जपान, कोरिया, ओमान हे देश हेग अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्याने एकमेकांची कागदपत्रे मान्य करण्याच्या करारात) आहेत. त्यामुळे मंत्रालयाचे अपोस्टिल मिळाले की काम झाले. अमिराती त्या करारात नाही. तिथे भारतातल्या त्यांच्या दूतावासाचे आणि नंतर तिथल्या परराष्ट्र खात्याचेही शिक्के लागतात. मंत्रालयाचे स्वतःचे शुल्क अगदी किरकोळ असते, खरा खर्च होतो तो मधल्या एजन्सीचा आणि दूतावासाचा. म्हणून फक्त मागितलेलीच कागदपत्रे प्रमाणित करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका "असू द्या" म्हणून शिक्के मारून आणू नका. सगळ्या पावत्या जपा, काही शाळा हा खर्च भरून देतात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करून स्वतः काढा, त्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

बरोबर निदान दोन महिन्यांच्या खर्चाची रक्कम न्या. पहिला पगार हातात पडायला महिना-दीड महिना जातो. तेवढ्यासाठी क्रेडिट कार्ड घेतले की पुढचे सहा महिने ते फेडण्यात जातात.

३. करार ओळ न् ओळ वाचा

दोन नोकऱ्या शेजारी ठेवून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. पहिल्या शाळेचा पगार ६,००० दिरहम (अमिरातीचे चलन) आहे, घर तुमचे तुम्ही पाहायचे. वाटून घेतलेल्या फ्लॅटमधली खोली १,८००, वीज-पाणी-इंटरनेट २५०, जेवण ९००, ये-जा ३००, फोन १००, इतर ४५०. एकूण ३,८०० गेले, उरले २,२००. दुसरी शाळा ४,८०० देते, पण राहायला जागा वीज-पाण्यासकट देते आणि शाळेची बस तिथूनच सुटते. खर्च २,००० धरला तरी २,८०० उरतात. पगार १,२०० ने कमी, शिल्लक ६०० ने जास्त.

पुढे पाहायचा तो मूळ पगार. अमिरातीत ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मिळते, एकूण पगारावर नाही. पहिली पाच वर्षे दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यानंतर ३० दिवसांचा मूळ पगार, असा हिशोब असतो. किमान एक वर्ष पुरे झालेले हवे. ६,००० पैकी मूळ ३,००० असेल तर वर्षाला २,१०० दिरहम होतात. ४,८०० पैकी मूळ ३,६०० असेल तर २,५२०. भत्ते फुगवून मूळ पगार लहान ठेवण्याची युक्ती इथेच महाग पडते. अकराव्या महिन्यात राजीनामा देणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही.

आणखी चार गोष्टी लेखी घ्या. पगार बारा महिन्यांचा की दहा? ६,००० चे दहाच पगार असतील तर महिन्याला ५,००० च धरा. वार्षिक विमान तिकीट मिळणार की त्याचे रोख पैसे? आरोग्य विमा कुटुंबासाठीही आहे का? मुले त्याच शाळेत शिकणार असतील तर फीमध्ये सवलत किती? मुलांची फी हा कुटुंबासह राहणाऱ्याचा सर्वांत मोठा खर्च असतो. ही सवलत नसेल तर एकट्याने जाणेच परवडते.

४. घर

दुबईत भाडे बहुतेक वर्षाचे ठरते आणि एक, दोन किंवा चार आगाऊ तारखांच्या चेकने द्यावे लागते. त्यावर साधारण ५ टक्के अनामत (सामानासह असेल तर १० टक्के), ५ टक्के दलाली, इजारी (भाडेकराराची सरकारी) नोंदणी आणि वीज-पाण्याच्या जोडणीसाठी फ्लॅटला २,००० दिरहम अनामत. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क महिन्याच्या बिलातून जाते. नव्या माणसाने पहिल्या वर्षी या फंदात पडू नये. शाळेची जागा घ्यावी, नाहीतर आधीच राहत असलेल्या सहकाऱ्यांबरोबर कायदेशीर नोंद असलेली खोली घ्यावी. नोंद नसलेल्या, पार्टिशन घातलेल्या जागा स्वस्त असतात. पण तपासणी झाली की सामानासह बाहेर पडावे लागते आणि दिलेली अनामत बुडते.

जपानमध्ये घरात शिरतानाच अनामत, परत न मिळणारी "रेइकिन" (घरमालकाला द्यायची भेट-रक्कम), दलाली आणि हमी कंपनीचे शुल्क मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम लागू शकते. तिथला दुसरा फटका वर्षभराने बसतो. रहिवासी कर मागच्या वर्षाच्या उत्पन्नावर, साधारण १० टक्के, पुढच्या जूनपासून कापला जातो. पहिल्या वर्षी तो नसल्याने हात सैल सुटतो आणि दुसऱ्या वर्षी पगार अचानक कमी वाटतो. पहिल्या महिन्यापासूनच तेवढी रक्कम वेगळी ठेवा.

५. रोजचा खर्च आणि गावची फेरी

जेवणावर सर्वांत सहज बचत होते. घरी केलेली आमटी-भात आणि बांगडे हॉटेलच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शातही भागतात. सोलां (आमसुले), उकडे तांदूळ, सुकी मासळी गावाहून नेणारे बरेच असतात. मात्र अमिरातीत खसखस नेणे गुन्हा आहे, आणि आपल्या शाकुतीच्या मसाल्यात खसखस असतेच. घरचा मसाला न्यायचा तर खसखशीशिवाय कुटून घ्या. डबा भरणाऱ्या आईला हे आधीच सांगा.

जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत आखातातून गोव्याची तिकिटे सर्वांत महाग असतात, आणि गणेश चवथीपर्यंत बहुतेक शाळा पुन्हा सुरू झालेल्या असतात. तारखा कळताच तीन-चार महिने आधी तिकीट काढा. दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांचे भाडे पाहा. मुंबईला उतरून कोकण रेल्वेने थिवी किंवा मडगाव गाठणे कुटुंबाला बरेच स्वस्त पडते.

शिकवण्या घ्यायच्या तर परवाना काढूनच घ्या. अमिरातीने डिसेंबर २०२३ पासून खाजगी शिकवणीसाठी दोन वर्षांचा मोफत परवाना सुरू केला आहे. त्याशिवाय शिकवणी घेतल्यास होणारा दंड वर्षभराच्या शिकवणीची कमाई खाऊन टाकतो.

६. पैसे घरी पाठवणे आणि बँक

फक्त "शुल्क शून्य" पाहून फसू नका. खरी कापणी दरात असते. दर दिरहमला ४० पैसे कमी मिळाले तर २,००० दिरहमवर महिन्याला ८०० आणि वर्षाला ९,६०० रुपये गेले. पाठवण्यापूर्वी "सगळे कापून खात्यात किती रुपये जमा होणार?" हा एकच आकडा दोन-तीन ठिकाणी विचारा. महिन्यातून एकदाच पाठवा. दर खेपेला २० दिरहम लागत असतील तर चार खेपांचे ८० होतात. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे दर वर-खाली होतो तो रुपया-डॉलरमुळे. त्याची वाट पाहत पैसे तिथल्या खात्यात ठेवले की ते खर्च होतातच.

परदेशी नोकरीला गेल्यावर गावचे साधे बचत खाते तसेच चालवणे नियमात बसत नाही. ते एनआरओ (अनिवासींचे, भारतातल्या उत्पन्नासाठीचे) करून घ्या आणि परदेशातल्या कमाईसाठी एनआरई (अनिवासींचे, बाहेरून आलेल्या पैशांचे) खाते उघडा. एनआरईच्या व्याजावर भारतात कर नाही, एनआरओच्या व्याजावर आहे. नवे पीपीएफ खाते काढता येत नाही, आधीचे मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. म्हणून पीपीएफ हवे असेल तर निघण्यापूर्वीच उघडा. एनआरई खात्यात आई-वडिलांचे नाव "पहिला किंवा हयात" (पहिल्या खातेदाराच्या पश्चात हयात असलेल्याला खाते) पद्धतीने जोडता येते.

तारखेचेही भान ठेवा. नोकरीसाठी देश सोडणारा त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तरच अनिवासी ठरतो. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत निघालात आणि मार्चअखेरपर्यंत परतला नाहीत, तर बसते. डिसेंबरमध्ये गेलात तर मार्चपर्यंतचा तिथला पगारही भारतात करपात्र होतो.

७. परतताना

अमिरातीत करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी मिळायला हवीत. वीज-पाण्याची अनामत, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशोब लेखी घ्या, क्रेडिट कार्ड बंद झाल्याचे पत्र घ्या आणि मगच खाते बंद करा. जपानमध्ये किमान सहा महिने पेन्शन भरली असेल तर देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी पेन्शनची निळी पुस्तिका किंवा मूळ पेन्शन क्रमांकाचे पत्र हवे. गोव्यात कायमचे परतल्यावर बँकेला कळवून एनआरई खाते निवासी करून घ्या, कारण तेव्हापासून त्याच्या व्याजाची करमाफी संपते. परकीय चलनातली एफसीएनआर ठेव मात्र मुदतीपर्यंत ठरलेल्या दरानेच चालते, ती घाईने मोडू नका.