हरणासाठी रायफलचं काडतूस निवडताना

गोळी लागल्यापासून हरीण कोसळेपर्यंतचा वेळ जितका कमी, तितकी निवड चांगली. मी काडतुसाची पारख याच एका कसोटीवर करते. पांढऱ्या शेपटीचं हरीण आडवं उभं असताना काळीज आणि फुप्फुसं पुढच्या फऱ्याच्या लगेच मागे, साधारण २०-२५ सेंटिमीटरच्या वर्तुळात असतात. पहिलीच गोळी त्या वर्तुळात जावी, बरगडी फोडून आत पसरावी आणि दोन्ही फुप्फुसांतून आरपार निघावी. काडतुसाकडून एवढंच हवं असतं. बाकीचे बरेचसे आकडे जाहिरातीसाठी असतात.

आधी कायद्याचं. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि तिथे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. जिथे हंगाम ठरलेला असतो आणि रीतसर परवाना मिळतो, अशा देशांत राहणाऱ्यांसाठी मी लिहिते आहे. तिथलेही नियम काडतुसापर्यंत पोचतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मंटजॅक व चिनी पाणहरीण ही लहान जनावरं सोडली, तर हरणासाठी रायफल किमान .२४० इंच व्यासाची आणि नळीच्या तोंडाशी किमान १७०० फूट-पाउंड (ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेची लागते. म्हणजे .२२३ हे बारीक गोळीचं काडतूस तिथे आपोआप बाद. अमेरिकेतल्या काही राज्यांत काही भागांत किंवा हंगामांत फक्त सरळ भिंतीची, म्हणजे तोंडाशी अरुंद न होणाऱ्या कवचाची, काडतुसं चालतात. .३५० लेजंडसारखी काडतुसं तिथल्या शिकाऱ्यांसाठीच निघाली. कॅलिफोर्नियात २०१९ पासून आणि डेन्मार्कमध्ये २०२४ पासून शिशाच्या गोळीने शिकार करता येत नाही. आपल्या भागाचं नियमपत्रक वाचून मगच दुकानात पाऊल टाका.

नावातल्या आकड्यावरून ताकद ठरवू नका. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं काडतूस) या तिघांची गोळी एकाच व्यासाची, .३०८ इंचाची. फरक पितळी कवचाचा आणि त्यात मावणाऱ्या दारूचा. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. .२७० ची गोळी मोजली तर .२७७ इंच भरते. म्हणून नळीवर कोरलेलं पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव तंतोतंत जुळलं, तरच ते रायफलीत घाला. मिळतीजुळती नावं फार आहेत आणि चुकीचं काडतूस जिवावर बेततं.

आता धक्क्याबद्दल, म्हणजे गोळी सुटताना रायफल मागे खांद्यावर आदळते त्याबद्दल, सविस्तर, कारण नेम बहुतेक तिथेच बिघडतो. साधारण साडेतीन किलोच्या रायफलीत .२४३ चा धक्का सुमारे ९ फूट-पाउंड असतो, ७ एमएम-०८ चा १३, .३०८ चा १६, .३०-०६ चा १८ ते २० आणि .३०० मॅग्नमचा २५ च्या वर. गोळीचं वजन आणि रायफलीचं वजन बदललं की हे आकडे सरकतात. पण खांद्याला कळणारी उतरंड अशीच राहते. शरीर धक्क्याची वाट बघायला लागलं की चाप दाबण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो आणि गोळी फुप्फुसांऐवजी पोटात जाते. पोटात गोळी लागलेलं हरीण तासन्‌तास तडफडतं. हे माझ्या मनाला लागतं, म्हणून मी या बाबतीत कोणाची भीड ठेवत नाही.

तुम्ही दचकता की नाही, हे घरच्यांना विचारून कळणार नाही. चांदमारीवर सोबत्याला मॅगझिन भरायला सांगा. त्याने खऱ्या काडतुसांमध्ये एखादं दारू नसलेलं सरावाचं काडतूस मिसळावं, कुठे ते तुम्हाला सांगू नये. ते येतं तेव्हा नळी हलली, तर काडतूस तुम्हाला जड आहे किंवा सराव कमी आहे. माझी अंगकाठी लहान, म्हणून मी ७ एमएम-०८ वापरते. माझे दीर .३०-०६ चालवतात आणि त्यांच्या हातात ती शोभते. आम्ही दोघं एकाच जंगलात, एकाच जातीच्या हरणांवर जातो आणि फऱ्यामागे लागलेल्या गोळीने जनावर दोघांच्याही पुढ्यात सारखंच पडतं.

धक्का कमी करायचा तर आधी खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याची लांबी अंगाला जमवून घ्या आणि मागे चांगलं रबर लावा. नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला सोडणारा तुकडा) लावला की धक्का घटतो, पण आवाज बाजूला नि मागे इतका फेकला जातो की कानांवर संरक्षण नसेल तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. वजनाला पिसासारखी रायफल दुकानात छान वाटते. तीच मोठ्या काडतुसाबरोबर खांदा सोलून काढते.

नवख्याने ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर आणि .३०८ या तिघांतून निवडावं, असं माझं ठाम मत आहे. १४० ते १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) आसपासची गोळी पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरून उरते. क्रीडमूर २००७ मधली, वाऱ्यात कमी वाहवत जाणारी. .३०८ ची काडतुसं मिळायला सोपी. .२७० विंचेस्टर १९२५ पासून आहे, १३० ग्रेनची गोळी सेकंदाला तीन हजार फुटांच्या वर पळवते. उघड्या माळावर ती मला फार आवडते. .२४३ हे १९५५ मध्ये .३०८ चंच कवच अरुंद करून आणलं. धक्का मऊ, नेम गोड. पण गोळी हलकी असल्याने चुकीला जागा कमी. ती घेणाऱ्याने ९५-१०० ग्रेनची, हरणासाठी बनवलेली गोळी वापरावी आणि तिरप्या उभ्या जनावरावर चाप ओढू नये. मॅग्नम फक्त हरणासाठी घेऊ नका. रेड डिअरचा मोठा नर किंवा एल्क यांच्यामागे जायचं असेल, तर .३०-०६ पासून वर विचार करा.

दाट झाडीत, शंभर मीटरच्या आत, १८९५ पासून चालत आलेली .३०-३० अजूनही उत्तम. दीडशे मीटरच्या पुढे मात्र तिच्यावर भरवसा नको. तिच्या लिव्हर (खालचा दांडा ओढून काडतूस चढवायच्या) रायफलीत काडतुसं नळकांड्यात एकामागे एक बसतात. टोकदार कडक गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीवर) आदळून आतच स्फोट होऊ शकतो, म्हणून चपट्या तोंडाच्या किंवा खास मऊ टोकाच्या गोळ्याच भरा.

गोळीची जात कॅलिबरइतकीच, म्हणजे नळीच्या व्यासाइतकीच, माझ्या मते त्याहूनही महत्त्वाची. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी पसरत नाही, बारीक भोक पाडून निघून जाते. हरणासाठी ती नकोच, बऱ्याच ठिकाणी बंदीही असते. मऊ टोकाची साधी गोळी बहुतेक कामं करते. अखंड तांब्याची गोळी खोल जाते, पण पसरायला तिला वेग हवा. वेग सेकंदाला १८०० फुटांच्या खाली गेला की बऱ्याच गोळ्या नीट उघडत नाहीत. तांब्याच्या काहींना २००० सुद्धा लागतात. तुमची गोळी कोणत्या अंतरावर त्या वेगाखाली जाते, हे उत्पादकाच्या तक्त्यात बघा. त्या अंतरापुढे चाप ओढायचाच नाही.

शंभर मीटरवर झीरो केलेल्या, म्हणजे तिथे गोळी नेमक्या नेमावर बसेल अशी जुळवलेल्या, .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २०० मीटरवर दहा-बारा सेंटिमीटर खाली जाते आणि ३०० वर जवळपास चाळीस. तक्ता पाठ झाला तरी हात तिथे पोचतो का, ते वेगळं तपासा. वीस सेंटिमीटरचा कागद लावा. टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून नव्हे, तर गुडघ्यावर बसून, काठीच्या आधाराने, दम लागलेला असताना गोळ्या सोडा. जिथपर्यंत सगळ्या कागदात बसतात, ते तुमचं अंतर. चार बसल्या आणि एक चुकली, तर कागदाच्या जवळ सरका. प्रत्येक वेळी गोळी थांबवणारा मातीचा बांध मागे आहे, हे बघून मगच. चुकलेली रायफलची गोळी तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते.

शेवटी, एकाच काडतुसाचे दोन-तीन वेगळे ब्रँड थोडे-थोडे आणून तुमच्या नळीतून चालवून बघा. कोणती गोळी कुठल्या नळीला मानवेल, हे कागदच सांगतो. जी एका जागी पडते, तिच्या एकाच लॉटच्या (कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या) पेट्या हंगामापुरत्या घ्या. थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे बसली, ते प्रत्येक सरावाच्या दिवशी वहीत लिहा. हरणावर तीच पहिली गोळी जाणार असते.