बेट आणि जंगल: नाशिकहून दोघांनी करायच्या सहलीचे नियोजन

लग्नानंतरची पहिली सहल असो, की मुले मोठी झाल्यावर पुन्हा दोघांनीच निघण्याची वेळ असो, बहुतेक जोडपी सहलीचा आराखडा जाहिरातीतल्या पॅकेजवरून ठरवतात. सहा दिवसांत नऊ ठिकाणे, दररोज नवे हॉटेल आणि दररोज पहाटे बॅग भरणे अशा वेळापत्रकात समुद्र आणि जंगल मनासारखे पाहून होत नाही, कारण या दोन्ही जागा माणसाच्या घड्याळाने चालत नाहीत. माझा आग्रह एकच आहे. ठिकाणे कमी घ्यावीत, मुक्काम वाढवावा आणि आखणीची सुरुवात तिथल्या भरती-ओहोटीपासून, वाऱ्यापासून आणि जंगल उघडे असण्याच्या दिवसांपासून करावी. विमान आणि हॉटेल त्यानंतर ठरवावे. या लेखात अंदमान आणि ताडोबा ही दोन ठिकाणे घेतली आहेत, कारण नाशिककरांना त्यातले एक दूरचे आणि दुसरे एका रात्रीच्या प्रवासाचे आहे आणि दोन्हीकडे पूर्वतयारीचा उपयोग पुरेपूर होतो.

आधी घराजवळ एक रात्र

मोठा खर्च करण्यापूर्वी दोघांनी भंडारदऱ्याला एक रात्र तंबूत काढावी, असे मी मनापासून सुचवतो. नाशिकहून घोटीमार्गे दोन तासांच्या आसपास पोहोचता येते. 1926 साली पूर्ण झालेले विल्सन धरण, त्याचा जलाशय, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि समोर रतनगड हा सगळा परिसर एका संध्याकाळी आणि एका सकाळी निवांत पाहून होतो. या मुक्कामात एकमेकांविषयी बरेच कळते. पाठीवर वजन घेऊन कोण किती चालतो, अंधाराची किंवा उंचीची भीती कोणाला आहे, झोप अपुरी झाली की कोणाची चिडचिड होते, हे सारे आधीच माहीत असले, तर बेटावर तिसऱ्या दिवशी उगाच वाद होत नाहीत. कळसूबाई (1,646 मीटर) चढायचे असेल तर पहाटे निघावे. सांदण दरी मात्र पावसाळ्यात टाळावी आणि इतर वेळीही साम्रदच्या स्थानिक वाटाड्याशिवाय तिच्यात उतरू नये. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत या भागात काजवे असतात. त्या वेळी गाडीचे दिवे आणि मोबाइलचे फ्लॅश बंद ठेवावेत, कारण काजव्यांचा नर प्रकाशाच्या खुणांनीच मादीला साद घालतो आणि आपल्या उजेडात ती खूण हरवते.

पोहता येत नसेल, तर निघण्याच्या दोन महिने आधीपासून जलतरण तलावावर जाऊ लागावे. पट्टीचे पोहणे यावे अशी अपेक्षा नाही. तोंड पाण्यात घालून शांतपणे श्वास सोडता आला आणि पाठीवर तरंगता आले, तरी समुद्रातली निम्मी भीती जाते.

महिना आणि तिथी

अंदमानला नैऋत्य मोसमी पाऊस साधारण मेच्या उत्तरार्धापासून असतो आणि तो ओसरल्यावर परतीच्या मोसमाचा पाऊसही नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत अधूनमधून येत राहतो. समुद्र सर्वांत शांत आणि पाणी सर्वांत स्वच्छ असण्याचा काळ म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदार जोडप्यांना काढणी उरकल्यापासून एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत जी थोडी उसंत मिळते, ती नेमकी याच काळात येते. नोकरदारांनी डिसेंबरअखेरची गर्दी टाळून फेब्रुवारीत रजा टाकावी. तिकिटे त्या मानाने स्वस्त मिळतात आणि किनारे मोकळे असतात.

महिना ठरला की दिनदर्शिकेत तिथी पाहावी. कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. हा हिशेब कोकण किनाऱ्यापुरता आहे, अंदमानात तो चालत नाही, म्हणून तिथले भरती-ओहोटीचे तक्ते वेगळे पाहावेत. मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि त्याच दिवसांत ओहोटीही सर्वांत दूर जाते, ही गोष्ट दोन्ही समुद्रांना सारखीच लागू आहे. अंदमानातल्या शहीद द्वीपावरचा (जुने नाव नील) नैसर्गिक दगडी पूल आणि त्याखालच्या डबक्यांतले प्रवाळ, खेकडे आणि समुद्रकाकड्या ओहोटीतच पाहता येतात. भरतीच्या वेळी पोहोचलेल्या जोडप्याला तिथे पाणीच पाणी दिसते. स्वराज द्वीपावर (जुने नाव हॅवलॉक) रात्री कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, चमकणारे पाणी पाहायचे असेल, तर अमावास्येच्या जवळचे दिवस घ्यावेत. वल्हे पाण्यात फिरले की त्याच्या कडेने निळसर ठिणग्या उठतात आणि क्षणात विझतात, तो सूक्ष्म जीवांचा प्रकाश असतो आणि चांदण्यात तो जवळजवळ दिसेनासा होतो.

अंदमानची आखणी

पोर्ट ब्लेअरचे नाव 2024 पासून श्री विजयपुरम आहे, तर हॅवलॉक आणि नील ही बेटे 2018 पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप म्हणून ओळखली जातात. तिकिटे काढताना जुनी-नवी दोन्ही नावे समोर येतात, त्यामुळे गोंधळू नये. निकोबार समूह पर्यटकांसाठी खुला नाही. लक्षद्वीपचा विचार असेल, तर तिथे भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि त्याची प्रक्रिया आधी सुरू करावी लागते. अंदमानच्या नेहमीच्या बेटांसाठी भारतीयांना तशी गरज पडत नाही, म्हणून पहिल्या बेटसहलीला अंदमान सोयीचे.

सात रात्री असतील, तर पहिली रात्र श्री विजयपुरम, पुढच्या तीन स्वराज द्वीप, नंतरच्या दोन शहीद द्वीप आणि शेवटची पुन्हा श्री विजयपुरम, अशी वाटणी करावी. शेवटची रात्र राजधानीत घालवण्याचे कारण पक्के आहे. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि बेटावर अडकलेल्या प्रवाशासाठी विमान थांबत नाही. याच कारणाने आरक्षणाचा क्रमही उलटा ठेवावा. आधी कोणत्या दिवशी कोणती बोट आहे हे पाहावे, त्यावरून विमानाची तारीख ठरवावी आणि हॉटेल सर्वांत शेवटी घ्यावे. सरकारी बोटी स्वस्त असतात, पण त्यांच्या जागा लवकर संपतात. खासगी कॅटामरान (जोडतळाच्या वेगवान बोटी) दीड ते अडीच तासांत स्वराज द्वीपाला पोहोचवतात.

नाशिकहून निघताना सर्वांत मोठा धोका मुंबईपर्यंतच्या रस्त्याचा असतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाचा ताण कमी झाला आहे, तरी आमण्यापुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी कायम आहे. पहाटेचे विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच मुंबई गाठावी. चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलायचे असल्यास दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्यावेत, म्हणजे पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते.

अंदमानात घड्याळ आपलेच असले, तरी सूर्य नाशिकपेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. हिवाळ्यात पाचच्या सुमाराला सूर्यास्त होतो. नाशिकच्या सवयीने साडेआठला न्याहारी करून बाहेर पडणारे जोडपे दिवसाचे उत्तम तास गमावते. स्वराज द्वीपावर पहाटे पाचला काला पत्थर किनाऱ्यावर सूर्योदय, दुपारी विश्रांती आणि चारच्या आधी पश्चिमेकडे तोंड असलेला राधानगर किनारा, असा दिवस लावावा. शहीद द्वीपावर सीतापूर उगवतीचे आणि लक्ष्मणपूर मावळतीचे ठिकाण आहे. तिथल्या गावांची नावे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्यांची आहेत. रामनगर, भरतपूर, सीतापूर अशी नावे ऐकताना पंचवटीच्या माणसाला आपलेपणा वाटल्यावाचून राहत नाही.

सेल्युलर जेलसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. ते बंद असण्याचे दिवस आधी पाहून घ्यावेत आणि येण्या-जाण्याचे वार त्या हिशेबाने निवडावेत. भगूरच्या सावरकर बंधूंपैकी बाबाराव आणि विनायकराव हे दोघेही इथे बंदी होते. 1906 साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या मूळच्या सात भुजांपैकी तीन आज उभ्या आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाने हे ठिकाण दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात उरकू नये, असे मला फार वाटते.

बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. वाहने ताफ्यानेच सोडली जातात. वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे आणि खाऊ देणे यांना कायद्याने बंदी आहे. खारफुटीतला बोटप्रवास आणि गुहा पाहायच्या असतील तर अवश्य जावे. जारवा दिसतील या आशेने मात्र जाऊ नये. एखादा चालक तसे आमिष दाखवत असेल, तर त्याची गाडी घेऊ नये.

पाण्यात उतरताना

बोट लागण्याचा त्रास असेल, तर गोळी डॉक्टरांना विचारून बोटीत बसण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी, पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब भरलेले नसावे, जागा बोटीच्या मध्यभागी घ्यावी आणि नजर मोबाइलऐवजी क्षितिजावर ठेवावी. आलेपाकाच्या वड्या सोबत असाव्यात. पुष्कळांना त्यांनी बरे वाटते.

स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणे) करण्यापूर्वी आरोग्याचा अर्ज भरून घेतात. त्यात दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण लपवू नये. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात जाऊ नये, कारण खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच हवा दाबून कानातला दाब सारखा करावा लागतो आणि नाक चोंदले असेल तर ते जमत नाही. दाब सारखा होत नसेल तर हाताने खूण करून थोडे वर यावे, दुखणे सोसत खाली जाऊ नये. स्कूबानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास, शक्यतो पूर्ण दिवस जाऊ द्यावा. रक्तात विरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. त्यामुळे स्कूबा सहलीच्या पहिल्या अर्ध्यात उरकावे. दोघांपैकी एकाला ते नको असेल, तर आग्रह करू नये. स्वराज द्वीपाच्या एलिफंट बीचवर जीवरक्षक जाकीट घालून स्नॉर्केलिंग (श्वासनळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहणे) करतानाही रंगीत मासे हातभर अंतरावरून जातात. दूरच्या प्रवासापूर्वी अनुभव घ्यायचा असेल, तर पावसाळा सोडून मालवण-तारकर्लीला स्कूबाची सोय आहे.

प्रवाळावर पाय देऊ नये. मेलेले प्रवाळही उचलून आणणे गुन्हा आहे, कारण प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. धोक्याचा फलक असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नये आणि संध्याकाळ झाल्यावर पोहणे थांबवावे. छोट्या बेटांवर एटीएम मोजकीच आहेत आणि नेटवर्क अधूनमधून जाते, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवावी, बोटीची तिकिटे छापून घ्यावीत आणि दोघांनी त्यांच्या प्रती वेगवेगळ्या बॅगांत ठेवाव्यात.

ताडोबा

जंगलाची सहल खर्चाला कमी असली, तरी संयमाची परीक्षा तिथे जास्त होते. नाशिक रोडहून रात्रीच्या रेल्वेने नागपूर आणि तिथून सुमारे तीन तासांच्या रस्त्याने मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वार गाठता येते. समृद्धीवरून स्वतःच्या गाडीनेही जाता येते, पण लांब सरळ रस्त्यावर डोळ्यांवर झापड येते, म्हणून दोघांनाही गाडी चालवता येत असेल तरच तो मार्ग निवडावा. जंगलाचा आतला भाग, म्हणजे गाभा क्षेत्र, मंगळवारी बंद असते आणि पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळातही बंद असते. त्या वेळी बफर क्षेत्रातल्या, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातल्या, सफारीच्या फेऱ्या चालू राहतात. आरक्षण अधिकृत संकेतस्थळावरून करावे आणि ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला असेल तेच मूळ ओळखपत्र सोबत न्यावे. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे छायाचित्रे काढायची असतील तर कॅमेरा लागतो.

किमान चार फेऱ्या घ्याव्यात, दोन सकाळच्या आणि दोन दुपारच्या, शक्य असल्यास दोन निरनिराळ्या प्रवेशद्वारांतून. वाघ पाहण्याची शक्यता एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यांवर अधिक असते, पण चंद्रपूरचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो. उष्णता सोसत नसेल तर फेब्रुवारी-मार्च घ्यावा. त्या दिवसांत पहाटे मोहाची फुले वेचणारी माणसे बफरमधल्या झाडांखाली दिसतात आणि हवेत गोडसर आंबूस वास भरलेला असतो.

जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) बसल्यावर वाघ कुठे आहे, हे चालकाला सारखे विचारू नये. गाडी थांबवून इंजिन बंद करायला सांगावे आणि ऐकावे. वानराचा खाकरल्यासारखा आवाज, चितळाची तीक्ष्ण शीळ आणि सांबराचा खणखणीत पुकारा यांत फरक आहे. चितळ लहानसहान शंकेनेही ओरडते, तर सांबर पुन्हा पुन्हा पुकारत असेल तर जवळपास वाघ किंवा बिबट्या असण्याची शक्यता बळावते. दोघांनी दोन बाजू वाटून घ्याव्यात, एकाने डावी झाडी पाहावी, दुसऱ्याने उजवी, आणि काही दिसले तर ओरडण्याऐवजी खांद्याला स्पर्श करून खुणावण्याचे आधीच ठरवावे. कपडे खाकी, मातकट किंवा मळकट हिरवे असावेत, अत्तर लावू नये. सकाळच्या उघड्या गाडीत मार्चच्या सुरुवातीपर्यंत चांगलीच थंडी वाजते, म्हणून एक शाल किंवा जाकीट हाताशी असावे. शेवटची फेरी सकाळची ठेवावी, म्हणजे दुपारी जेवून निवांत नागपूर गाठता येते आणि परतीची रात्रीची गाडी धावपळ न करता मिळते.