म्युनिकहून सकाळी जाऊन रात्री परत

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं कोणी म्युनिकला मुलाकडे निघालं की तिथून एका दिवसात कुठे, कसं फिरायचं ते आधी मला विचारायला येतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

रेल्वेचं बायर्न-तिकीट घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बव्हेरियाभर (म्युनिक ज्या राज्यात आहे ते) फिरता येतं, अगदी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत (पासपोर्ट जवळ ठेवा). सोमवार ते शुक्रवार मात्र ते सकाळी ९ नंतरच चालतं, म्हणून लांबचं ठिकाण शनिवार-रविवारी ठरवा. सगळ्यांची नावं तिकिटावर हवीत. आयसीईसारख्या वेगवान गाड्यांना हे चालत नाही, बरं का!

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथे एकच गाडी वाटेत दुभंगते, पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. आम्ही पहिल्यांदा मोकळी जागा बघून मागे बसलो आणि भलत्याच गावी उतरलो. फलाटावरच्या पाटीवर गावाच्या नावाशेजारी ए, बी, सी अशी अक्षरं असतात. आपल्या गावासमोरचं अक्षर बघून तिथेच उभं राहायचं. डब्यावरचं नावही वाचून घ्या.

नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायचा तर फ्युसेनला उतरून पुढे बस घ्या. आत जायची वेळ ठरलेली असते, ती घरूनच आरक्षित करा आणि फ्युसेनपर्यंत गाडीचे दोन तास आणि पुढचा बसचा वेळ धरूनच वेळ निवडा. रेगेन्सबुर्गला असली घाई नाही. डॅन्यूब नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर मी अर्धा तास नुसती पाणी बघत उभी होते.

दशम्या आणि लिला चिवडा (आपला बडोद्याचा ओलसर चिवडा) सोबत घ्या. परतीला शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरा.